गाडीशी संपर्क नाही

"दादा, ते मढं उचल आता तिथून," असं धाकटा म्हणाला तेव्हा त्याच्या दातांत स्क्रू धरलेला होता, त्यामुळे शब्द नीट उमटले नाहीत. पण जे ऐकू यायचं ते ऐकू आलंच. थोरल्याला आलं, आणि गाडीच्या उघड्या दाराशी पर्स पोटाशी धरून उभ्या असलेल्या ग्रंथपालबाईंनाही आलं. बाई हसल्या. फार नाही, ओठांची एक कड तेवढी हलली आणि पुन्हा जागेवर गेली. थोरल्याच्या हातात गाड्यांचे बिघाड वाचायचं जुनं यंत्र होतं. त्याच्या हिरवट पडद्यावर तीन शब्द उभे होते, गाडीशी संपर्क नाही, आणि यंत्र दर चार सेकंदांनी एक बारीक पीप देऊन ते शब्द पुसत होतं आणि पुन्हा लिहीत होतं, जणू एकदा सांगून कुणाला कळत नाही. थोरल्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटातून वायर उपटली. ती त्याने हातावर गुंडाळायला घेतली, एक वेढा, दोन वेढे, सावकाश. धाकटा आपलं नवं टॅबलेट घेऊन पुढे झाला. त्याला वायरसुद्धा लागत नव्हती. बोटाएवढी एक चकती त्याने सॉकेटात टोचली, दोन पावलं मागे सरला, आणि टॅबलेटवर गाडीचं चित्र आलं, तिच्याच रंगाचं, चारी चाकांसकट. "थ्रॉटल," धाकटा म्हणाला. "थ्रॉटल बदलावा लागेल बाई, हवा सोडायची झडप. संध्याकाळपर्यंत देतो." बाईंनी मान हलवली, ती टॅबलेटकडे बघून.

मढं. यंत्राला सतरा वर्षं झाली होती. विटेएवढं जड, राखाडी, एका कोपऱ्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला, कारण तो कोपरा कधीतरी फरशीवर आपटून फुटला होता. ते बनवणाऱ्या कंपनीने नऊ वर्षांपूर्वी कळवलं होतं की यापुढे या यंत्रासाठी नवी माहिती निघणार नाही. म्हणजे त्यानंतर जन्मलेली कुठलीही गाडी त्याला ओळखीची नाही. दुसऱ्या कुणीही ते भंगारात घातलं असतं. थोरल्याने त्याला खोटं बोलायला शिकवलं, किंवा खरं तर तोच त्याच्याशी खोटं बोलायला शिकला. पुढ्यात पाच वर्षांची गाडी असली तरी यंत्राला सांगायचं, ही बारा वर्षांची आहे, हिच्या थोरल्या बहिणीसारखीच आहे. यंत्र भाबडं, ते विश्वास ठेवायचं आणि विचारपूस सुरू करायचं, आणि बहुतेक वेळा गाडीही आपलं वय विसरून उत्तरं द्यायची. कुठल्या गाडीला कुठलं वय सांगायचं ते त्याने एका वहीत लिहून ठेवलं होतं. 'पांढरी, सरकत्या दाराची: जुन्या डिझेलवाली म्हणून सांगणे. इंजिन खरं बोलतं. गिअरचे आकडे मानू नयेत.' पुढे गाड्यांच्या आतली भाषाच बदलली, दोन तारांवरून भरभर बोलणारी आली, तेव्हा त्याने आपल्या दोस्ताकडून, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून, मध्ये बसवायला एक दुभाषी डबी करून घेतली. साबणाच्या डबीत बसवलेली. ती डबी, ती वही आणि ती वीट मिळून अर्ध्या शहराच्या गाड्यांची दुखणी या शेडमध्ये कळत होती, आणि धाकट्याचं लग्न, धाकट्याचं घर, धाकट्याच्या अंगावरचा तो चेन लावलेला निळा डांगरी डगला, सगळं त्यातूनच आलं होतं. हे बाईंना कोण सांगणार? सांगायचं तरी कसं? बाई, हसू नका, याच मढ्याने... छे. असली वाक्यं मनातच बरी दिसतात.

त्या गुरुवारी दुपारी तो जेवला नाही. धाकट्याच्या पाठीकडे बघत राहिला. धाकटा इंजिनावर वाकला की त्याच्या मानेवर दोन शिरा फुगायच्या. लहानपणीही फुगायच्या, रडताना. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता, थोरला एकोणीसचा. शाळेतून आला की तो शेडच्या मागच्या रिकाम्या पिंपात जाऊन बसायचा आणि तिथून बाहेर काढायचा एकच उपाय होता: इंजिन चालू करून लांब स्क्रूड्रायव्हरची दांडी त्याच्या कानाला लावायची आणि टोक इंजिनावर टेकवायचं. "ऐक. कोण बोलतंय?" धाकटा डोळे मिटून ऐकायचा. "पाण्याचा पंप." "आणि मागे?" "मागे कुणीतरी दात खातंय." बरोबर असायचं. दर वेळी बरोबर असायचं, आणि थोरल्याला तेव्हा अभिमानाबरोबर दुसरंही काहीतरी वाटायचं, ज्याला त्याने कधी नाव दिलं नाही. आता तोच कान टॅबलेटवर आलेलं नाव वाचत होता. कान असलेल्या माणसाने वाचत बसावं! थोरल्याला वाटलं, हा जो राग येतोय तो मढं म्हटल्याचा नाही, या आळसाचा आहे. मग वाटलं, नाही, मढं म्हटल्याचाच आहे. मग वाटलं, मढं त्याने यंत्राला म्हटलं होतं का? 'ते मढं' म्हणाला. पण बघत कुणाकडे होता?

"तीन दिवस झाले, तोंड उघडलं नाहीत," रविवारी बायको म्हणाली. खिडकीपाशी मेजावर त्याने यंत्र उघडून ठेवलं होतं. शेजारी साबणाची डबी, आणि तिच्यातून निघालेल्या तारा केसांसारख्या मेजावर पसरलेल्या.

"काम करतोय."

"कामच करताय ना? भावजी काय म्हणाले ते कळलं मला. जाऊबाईंनी सांगितलं. त्यांना वाईट वाटतंय म्हणे."

"मग त्याने सांगावं. बायकांची टपाल सेवा कशाला?"

"तुम्ही दोघं ना," ती म्हणाली, "एकाच आईच्या पोटचे, हे कुणाला सांगायला नको." आणि तिने मेजावरचा कप उचलला, चहा तसाच होता, गार, वर साय धरलेली.

यंत्राचा दोष त्याला सापडला तो संध्याकाळी. गाडी गुरुवारी उत्तर देत होती! नव्या गाड्या अनोळखी यंत्राला लगेच दारात उभं करत नाहीत. आधी चौकशी करतात, मग बोलतात. ती चौकशी संपायच्या आतच त्याचं यंत्र धीर सोडून 'संपर्क नाही' लिहीत होतं. रेडिओवाल्याने डबीतला थांबण्याचा वेळ वाढवून दिला. बाकी कुलपं उघडणार नव्हती, ते त्याला ठाऊक होतं. नव्या गाडीच्या आतल्या खोल्या धाकट्याच्या टॅबलेटलाच उघडणार. पण काही मोजके आकडे असे असतात की ते प्रत्येक गाडीला, कितीही नवी असली तरी, विचारेल त्याला सांगावेच लागतात. कायदाच तसा आहे. इंजिनाचे फेरे, पाण्याचं तापमान, विजेचा दाब, असे. तेवढे आकडे पुरे होते. टॅबलेट उत्तर देतं, त्याने मनात म्हटलं, माझं यंत्र नुसते आकडे देतं. उत्तर माझं मी काढीन. हे वाक्य त्याला इतकं आवडलं की ते त्याने धाकट्याला कुठल्या प्रसंगी ऐकवायचं, बाई तेव्हा कुठे उभ्या असतील, हेही ठरवलं.

सोमवारी बाईंची गाडी परत आली. थ्रॉटल बदलूनही ती दोनदा चालता चालता बंद पडली होती, दोन्ही वेळा वेग कमी करताना. धाकट्याने पुन्हा चकती टोचली. या वेळी टॅबलेटने दुसऱ्याच भागाचं नाव सांगितलं, इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरचं. "हे असं होतं कधी कधी," धाकटा बाईंना म्हणाला, आणि त्याचे कान लाल झालेले थोरल्याने मागून पाहिले आणि त्याच्या छातीत काहीतरी सुखाने हललं. मंगळवारी सकाळी धाकटा सेन्सर आणायला बाजारात गेला. शेडमध्ये थोरला एकटाच होता. त्याने वायर जोडली. पडदा कोरा राहिला, एक सेकंद, तीन सेकंद, सात, आणि मग पीप न देता सहा ओळी उमटल्या, मुकाट, एकाखाली एक. आनंद झाला पाहिजे होता. झाला तो आनंद नव्हता. कुणाची तरी चोरी पकडल्यावर होतं तसं झालं. त्याने यंत्र शेजारच्या सीटवर ठेवलं, सगळे आकडे नोंदत राहण्याचं बटण दाबलं आणि गाडी बाहेर काढली.

रस्ता मोकळा होता. गाडीत बाईंचा वास होता, जुन्या कागदाचा आणि हाताला लावायच्या मलमाचा. मागच्या सीटवर शिक्के मारलेली चार पुस्तकं आणि एक छत्री. दुसऱ्याच्या गाडीत बसलं की त्या माणसाच्या आत बसल्यासारखं वाटतं, आणि थोरल्याला ते कधीच आवडलं नव्हतं. पहिल्या चार वळणांवर काही झालं नाही. पुलाखालच्या उजव्या वळणावर त्याने ब्रेक दाबला, इंजिन किंचित हललं, आणि विजेच्या दाबाचा आकडा चौदावरून नवावर आला आणि परत चौदा झाला. पापणी लवावी तसा. गाडी बंदही पडली नाही, नुसती हुंदका दिल्यासारखी झाली. त्याने वळसा घेऊन तेच वळण पुन्हा घेतलं. पुन्हा नऊ. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा गाडी मेली. स्टिअरिंग हातात दगडासारखं झालं आणि त्याला दोन्ही हातांनी रेटून ती कडेला आणावी लागली. तो हसत होता. थ्रॉटल नाही, सेन्सर नाही, काही नाही! त्याने बॉनेट उघडलं आणि सरळ हात घातला, डाव्या बाजूला खाली, जिथे इंजिनाला गाडीच्या सांगाड्याशी बांधणारी अर्थिंगची पट्टी असते. वरून छान दिसत होती. बोटाने ढकलली तर हलली. बोल्टखाली हिरवी बुरशी धरली होती. इंजिन हललं की पट्टी सुटायची, वीज तुटायची, आणि गाडीचा मेंदू बेशुद्ध होऊन शुद्धीवर येताना ज्याचं नाव तोंडात येईल त्याच्यावर आळ घ्यायचा. बस्स. दहाचा पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा. दोन्ही त्याच्या खिशात होते.

पाना त्याने काढलाही. हे नंतर त्याला पुन्हा पुन्हा आठवत राहिलं, की पाना हातात होता, बोल्टवर बसवलेला होता, आणि मनगट वळायचं तेवढं बाकी होतं. पुलावरून काहीतरी जड गेलं आणि सगळं थरथरलं. त्या थरथरीत त्याला पुढचं सगळं दिसलं: तो शेडमध्ये परत जाणार, धाकट्याला सांगणार की पट्टी होती, आणि धाकटा म्हणणार, 'असं होय, बरं झालं,' आणि टॅबलेट पुसून खोक्यात ठेवणार. एवढंच. बाईंना वाटणार सेन्सरने बरी झाली. गुरुवारचं हसू तसंच राहणार, कुठेतरी, ओठांच्या त्या कडेला. आणि त्याउलट सेन्सर बसला, बाई परत आल्या, तिसऱ्यांदा आल्या, धाकट्याचे कान लाल झाले, आणि मग तो, अगदी शांतपणे, यंत्र मडगार्डवर ठेवून... गाडी परत येईल, त्याने स्वतःला सांगितलं. दोनदा बंद पडली, दोनदा सुखरूप परत आली. तिसऱ्यांदाही येईल. धाकट्याला विचारू दे. एकदा येऊन विचारू दे, दादा, तुला काही दिसतंय का. आपण काही बिघडवत नाही, नुसतं थांबतोय. बिघडवणं वेगळं आणि थांबणं वेगळं. त्याने पाना काढून घेतला. बॉनेट हळू लावलं, आवाज न करता, जणू आत कुणी झोपलं होतं.

तो परतला तेव्हा धाकटा सेन्सरचं खोकं उघडत होता. गाडी आत येताना त्याने पाहिलं. सीटवरचं यंत्रही पाहिलं.

"फिरवून आणलीस?"

"हो."

धाकटा खोक्यावरची चिकटपट्टी नखाने सोडवत राहिला. "काही?"

एवढाच शब्द. त्याच्याकडे न बघता विचारलेला. याच शब्दाची तो वाट बघत होता, पण आला तो असा, अर्धा, चिकटपट्टीशी बोलल्यासारखा, आणि थोरल्याला तो पुरला नाही.

"तुझं टॅबलेट काय म्हणतं?"

"सेन्सर."

"मग सेन्सर टाक."

धाकट्याने सेन्सर खोक्यातून काढला. मग गाडीखाली सरकला. दुपारी थोरला घरी गेला आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवला. बायकोने विचारलं, "मिटलं का?" "मिटेल," तो म्हणाला, आणि आडवा झाल्यावर त्याला लगेच झोप लागली. बुधवारी बाई गाडी घेऊन गेल्या. जाताना त्यांनी काच खाली करून त्यालाही हात केला. त्याने न पाहिल्यासारखं केलं.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला बाईंचा भाऊ आला. उंच, चष्मेवाला, कुठल्यातरी कचेरीतला. शर्टाला रक्त लागलेलं होतं, पण ते त्याचं नव्हतं. ग्रंथालयापाशी उतार आहे आणि उताराच्या तळाशी वळण. गाडी वळणावर मेली, स्टिअरिंग वळेना, ती कठड्याला धडकली. बाईंचं उजवं कोपर तीन ठिकाणी मोडलं होतं आणि कपाळाला टाके पडले होते. "कठडा नसता तर?" तो ओरडत होता. "खाली काय आहे माहितीये? सांग, काय आहे खाली? दोनदा तुझ्याकडे दिली गाडी! दोनदा!" त्याने धाकट्याच्या डगल्याची कॉलर पकडली होती. माणसाला मारण्याची त्याला सवय नव्हती, म्हणून तो नुसता हलवत होता, खुर्ची हलवावी तसा. थोरला खांबाशी उभा होता. हातात बोळा होता आणि त्या बोळ्याने तो आपली बोटं पुसत होता, एकेक, जी सकाळपासून कशालाही लागलेली नव्हती. आता बोलावं. आता. मनात एक हलकट आवाज म्हणत होता, कॉलर त्याची धरलीय, तुझी नाही.

"चूक माझी आहे," धाकटा म्हणाला. त्याने कॉलर सोडवायचा प्रयत्नही केला नाही. "गाडी मी बघितली होती. मीच दिली."

बाईंच्या भावाने त्याला सोडलं. सोडल्यावर काय करायचं ते त्याला कळेना. "मी पोलिसांत जाणार आहे," तो म्हणाला, "गाडी इथे ओढून येईल, तिला हात लावायचा नाही," आणि जाताना दारातल्या ऑइलच्या डब्याला अडखळून गेला. अर्ध्या तासाने मोडकी गाडी ओढून आणली गेली. तिचं नाक उजव्या बाजूला आत गेलं होतं. डावी बाजू जशीच्या तशी होती, आणि चेमटलेल्या बॉनेटच्या फटीतून ती पट्टी दिसत होती, वरून छान.

दोघं भाऊ गाडीच्या दोन बाजूंना उभे राहिले. रस्त्यावरून शाळेच्या गाड्या जात होत्या.

"अर्थिंगची पट्टी," थोरला शेवटी म्हणाला.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून. तू जेवायला गेलास तेव्हा तुझं यंत्र लावून बघितलं. नोंद होती आत. चौदाचे नऊ, तीनदा." धाकटा बॉनेटवर हात ठेवून उभा होता. "मग बॉनेट उघडलं. पट्टीवरची धूळ पुसलेली होती आणि बोल्टवर पान्याची खूण होती, ताजी."

थोरल्याने बॉनेटच्या फटीत पाहिलं. "मग सेन्सर कशाला टाकलास?"

"आणला होता म्हणून. आल्यावर तू बघणार होतास म्हणून." त्याने बॉनेटवरचा हात काढला. "पट्टी तू घट्ट केलीयस असं समजलो मी. सांगत नाहीये, पण केलीय. म्हटलं, चला, तोंडाने बोलत नसला तरी हाताने बोललाय."

"हात लावून बघायचंस."

"तू हात लावलेल्या कामाला मी कधी परत हात लावलाय?"

धाकटा थोरल्याकडे बघत होता, आणि त्या नजरेत राग असता तर त्याला धरून उभं राहता आलं असतं. राग नव्हता. अनोळखी माणसाकडे बघावं तसा तो बघत होता, नीट, तपशिलात.

"विसरणं होतं रे," थोरला हळूच म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज विनवणीसारखा वाटला. "मी विसरलो असेन, असंही असेल. पाना लावला, मध्येच कुणीतरी हाक मारली..."

"विसरलास?"

पुलाखाली कुणी हाक मारली नव्हती. पुलावरून जड काहीतरी गेलं होतं, एवढंच. "नाही," तो म्हणाला.

धाकट्याने डगल्याची चेन ओढली, डगला अंगातून काढला आणि बाकावर टाकला. "मघाशी मी माझी चूक म्हणालो, ते खोटं नव्हतं. माझ्या वाटणीची आहेच. पण तुझ्या वाटणीची मी उचलणार नाही, दादा. लहान असतो तर उचलली असती." त्याने खिशातून कागदाचा कपटा काढून मडगार्डवर ठेवला. बाईंचा नंबर होता. "आणि यापुढे तू त्या टोकाला काम कर, मी या टोकाला. मधे बोलायची गरज नाही."

तो बाहेर गेला. थोरल्याने कपटा उचलला. त्याला वाटलं, सात आकडे दाबून झाल्यावर हात थांबेल, थांबला नाही. तिकडे घंटी वाजत राहिली आणि तेवढ्या वेळात त्याच्या मनात बरीच वाक्यं येऊन गेली, चांगली, वजनदार, आणि एकही उरलं नाही. फोन बाईंच्या भावाने उचलला.

"मी गॅरेजमधून बोलतोय. थोरला."

"आता काय राहिलंय बोलायचं?"

"बिघाड मला सापडला होता. आधीच. माझ्या भावाला मी सांगितलं नाही. आणि दुरुस्तही केला नाही."

तिकडे मागे कुणीतरी दवाखान्यातली ढकलगाडी नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. "आधी म्हणजे कधी?"

"मंगळवारी."

"मंगळवारी," भाऊ म्हणाला. पण आता तो फोनमध्ये बोलत नव्हता, खोलीतल्या कुणाला तरी सांगत होता. मग लांबून, औषधाने जड झालेल्या, पण एकेक अक्षर स्पष्ट उच्चारणाऱ्या आवाजात बाई म्हणाल्या, "फोन माझ्याकडे दे."

थोरल्याने फोन उजव्या कानावरून डाव्यावर घेतला आणि तसाच उभा राहिला.